कुकटपल्लीहून नावेनं

कुकटपल्लीत पाण्यावरून प्रवास करायचा तर मार्ग दोनच. एक, भर पावसातला मुसापेठचा रस्ता. तिथे स्कूटरची आपोआप होडी होते. दुसरा, कुकटपल्ली नाला. तो थेट हुसेनसागराला जाऊन मिळतो, म्हणजे तत्त्वतः इथे नावेत बसलेल्या माणसानं तळ्यातल्या बुद्धमूर्तीपाशीच उतरावं. फक्त मध्ये नाकाचा प्रश्न येतो.

खऱ्या कालव्याची माहिती मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या तातगारूंनी दिली. ते मूळचे गोदावरीकाठचे. आमच्या केपीएचबी वसाहतीत तिकडची माणसं एवढी आहेत की संक्रांतीला सगळी गावी गेली की इथे गाडी उभी करायला चक्क जागा मिळते. परतताना तातगारू आत्रेयपुरमच्या पूतरेकुलू आणतात. तांदळाचे कागदासारखे पापुद्रे, आत तूप आणि गूळ. घाईनं खाल्लं तर निम्मं शर्टावर. खात खात तातगारू तिकडच्या कालव्यांतल्या नावांच्या गोष्टी सांगतात. भात आणि नारळ भरलेली नाव, वारा असला तर शीड, नसला तर काठावरून खांद्यावर दोर घेऊन चालणारी दोन माणसं. ‘वेळ किती लागायचा?’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘जल्दी किसको था, बाबू?’ दोर ओढणाऱ्यांना कोणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

हे कालवे म्हणजे इंजिनिअर सर आर्थर कॉटनचं काम. १८४७ ते १८५२ या काळात त्यानं धवळेश्वरमला गोदावरीवर बांध घातला आणि कालवे काढले, तेही शेतीला पाणी आणि नावांना वाट असे दुहेरी कामाचे. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, हे तो पुढे जन्मभर इंग्रज सरकारला सांगत राहिला. सरकारनं ऐकलं रेल्वेचंच. तरी पुढे कृष्णेचे कालवे आणि बकिंगहॅम कालवा जोडले गेल्यावर काकीनाड्याहून मद्रासपर्यंत नावेनं जाता येई. गोदावरीकाठी आजही कॉटनचा फोटो घरात लावणारे शेतकरी आहेत. इंग्रज इंजिनिअरच्या वाट्याला हा मान क्वचितच आला असेल.

माझा जीव मात्र अडकलाय या कालव्यांवरच्या लॉकमध्ये. तिकडे त्याला ‘लाकू’ म्हणतात. खालच्या पातळीवरून आलेली नाव दोन दरवाजांमधल्या दगडी हौदात शिरते. मागचा दरवाजा लागतो. पुढच्या दरवाजाची झडप उघडली की वरचं पाणी आत येऊ लागतं आणि नाव, नारळ, नावाडी, नावाड्याची विडी, सगळं बोट बोट वर चढतं. ना इंजिन, ना डिझेल. दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत दहा पैलवान लावा, पुढचा दरवाजा हलत नाही. वरच्या पाण्याचा भारच त्याला दाबून धरतो. झालं सारखं, की तो मुकाट उघडतो.

आमच्या जेएनटीयूच्या सिग्नलला माणसं याहून फार कमी वेळ थांबतात, पण हॉर्न असे वाजवतात की जणू दिवा आवाजानं हिरवा होतो. लॉकमध्ये हॉर्न वाजवून उपयोग नाही, पाण्याला कान नाहीत. थांबणं हाच प्रवासाचा भाग, असं ज्यात गृहीत धरलंय असं दुसरं वाहन मला माहीत नाही. मेट्रोही झकास आहे, पण तिच्यात विडी ओढता येत नाही आणि काठावरच्या माणसाशी गप्पाही मारता येत नाहीत.

रेल्वे आणि ट्रक आल्यावर नावा संपल्या. २००८ साली या कालव्यांना राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये घेतलं गेलं. तातगारूंना ते सांगितलं तर त्यांनी आणखी एक पूतरेकू उचलली.

तरी लॉक पाहायचं असेल तर आत्रेयपुरमजवळच्या लोल्लाला जा. रावुलपालेमकडे जाणाऱ्या बसगाड्या केपीएचबीतून रात्री सुटतात. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊ नका. दुरुस्तीसाठी कालव्यांचं पाणी तेव्हा बंद असतं.