दहीभातकाकू

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडतो : ‘येत्या शनिवारी गच्चीवर पॉटलक. प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा. कोण काय आणणार ते खाली लिहावे.’ बाकीचे लोक चष्मा शोधत असतात तोवर खाली पहिली ओळ आलेली असते : ‘दहीभात आमच्याकडे.’ पुढे जोडलेले दोन हात.

या दहीभातकाकू. अशा काकू प्रत्येक सोसायटीत एक असतात. कुठे त्या दहीभाताऐवजी मसालेभाताच्या असतात, कुठे काका असतात आणि ते ‘मी भेळेचं बघतो’ म्हणतात. पण जात एकच. आमच्याकडच्या काकू 2000-01 साली सरकारी बँकांतून लाखभर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली, त्यांतल्या. चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना रक्कम घेऊन घरी येऊन बसल्या. कमीत कमी कष्टांत जास्तीत जास्त पदरात कसं पाडून घ्यावं, याचं गणित त्यांना तेव्हापासून सुटलेलं आहे.

काकूंची बोट पहिल्या मिनिटाला सुटते आणि मागे धक्क्यावर गोंधळ उरतो. ‘किती जणांचं करायचं?’ ‘कांदा-लसूण चालेल ना सगळ्यांना?’ ‘पनीर दोघींनी लिहिलंय, एकीने बदला.’ दोघीही बदलतात आणि दोघीही छोले करून आणतात. पाचव्या मजल्यावरची चार मुलं नोकरीला आहेत आणि भाड्याने राहतात. ती दोन लिटरची थंड पेयाची बाटली लिहून मोकळी होतात. एक घर ‘कागदी प्लेटा आमच्याकडे’ असं लिहितं. त्यांच्याविषयी काकूंचं मत फार वाईट आहे. आळशीपणालासुद्धा काही चव हवी, असं त्या म्हणतात.

काकूंचं शास्त्र पक्कं आहे. पहिला नियम असा, की मोजता येणारा पदार्थ परक्या पंगतीला न्यायचा नाही. याला पुरावा म्हणून त्या बी विंगमधल्या वहिनींच्या अळूवड्या सांगतात. वहिनींनी अळूच्या पानांच्या शिरा काढल्या, चिंच-गूळ घालून बेसन कालवलं, पानावर पान लावून गुंडाळ्या केल्या, वाफवल्या, कापल्या आणि शेवटी कढईसमोर उभं राहून तळल्या. अख्खी दुपार गेली. वड्या साठ झाल्या आणि गच्चीवर माणसं तीस होती. सरळ हिशेब. पण पहिल्या तीन मुलांनी सहा-सहा उचलल्या आणि ए विंगमधल्या आजोबांच्या ताटापर्यंत ताटली पोचली तेव्हा तिच्यात तीळ होते. पुढे दिवाळीपर्यंत सोसायटीत वड्यांच्या चवीविषयी कोणी बोललं नाही, कोणी किती घेतल्या यावर मात्र सगळे बोलले. ‘डावाने वाढायचं ते आणावं,’ काकू सांगतात, ‘डाव लहान करता येतो. वडी काय लहान करणार?’

दुसरा नियम गॅसचा. गच्चीवर एक शेगडी असते आणि तिच्यापुढे पातेल्यांची रांग. जो पदार्थ गरम नसेल तर तोंडात घालवत नाही, तो त्या रांगेत मरतो. साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा होतो, पुऱ्या चामट होतात, बटाटेवड्यांचं वरचं आवरण घाम फुटल्यासारखं ओलं होतं. काकूंचा पदार्थ मुळात गारच असायचा असतो. त्यामुळे त्या रांगेत उभ्या राहत नाहीत. खुर्चीत बसून कोण कोणाच्या पातेल्यात डोकावतंय ते बघतात.

तिसरा नियम माणसांचा, आणि इथे मात्र काकूंची बुद्धी खरी दिसते. पॉटलकच्या टेबलावर सगळ्या घरांचं मीठ-तिखट एकत्र येतं. प्रत्येक घर आपला सर्वांत झणझणीत, सर्वांत तेलकट आणि सर्वांत ‘स्पेशल’ पदार्थ आणतं. रात्री सव्वानऊपर्यंत छोले दोन प्रकारचे, पावभाजी, मिसळ, कुणाच्या तरी सुनेचा चिली पोटॅटो हे सगळं लोकांनी ताटात घेतलेलं असतं आणि लोक पाणी पीत इकडेतिकडे बघत असतात. त्या क्षणी काकू पातेल्यावरचं झाकण काढतात. आजोबांना दात नाहीत, त्यांना चालतो. तिसऱ्या मजल्यावरचं जैन कुटुंब इतका वेळ काकडीच्या चकत्या खात बसलेलं असतं. त्यांनाही चालतो, कारण काकू त्यात आलं घालत नाहीत. मुलांना तिखट लागत नाही. डॉक्टरांनी तेल बंद केलेल्या काकांना तर बायकोसमोर उजळ माथ्याने घेता येतो. दहा मिनिटांत पातेल्याचा तळ दिसतो. लोक म्हणतात, ‘वा काकू, तुमच्या हाताला काय चव आहे!’ काकू म्हणतात, ‘छे हो, अगदी सोप्पं असतं ते.’ एवढं खरं वाक्य त्या संध्याकाळी गच्चीवर दुसरं कोणी बोलत नाही, आणि यावरच कोणाचा विश्वास बसत नाही.

त्यांच्या भाताची कृती सांगतो, कारण त्यात लबाडी आणि ज्ञान यांचं प्रमाण चांगलं जमलेलं आहे. तीस माणसं असली तरी तांदूळ घ्यायचे अर्धा-पाऊण किलो, कारण पॉटलकमध्ये पोटभर कोणी एकच पदार्थ खात नाही. भात नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून मऊ शिजवायचा आणि गरम असतानाच डावाने घोटायचा. मग निवू द्यायचा. कोमट झाला की त्यात दही नाही, दूध घालायचं, भरपूर, आणि दही नावापुरतं चार-पाच चमचे. दुपारी तीनला हे करून ठेवलं की विरजण आपलं काम करत राहतं आणि रात्री नऊला भात ताज्या, गोडसर दह्यात असतो. ज्यांना हे ठाऊक नाही ते दुपारीच सगळं दही ओततात आणि रात्री आंबट, घट्ट झालेला गोळा घेऊन येतात. भात गरम असताना विरजण घातलं तर ते मरतंच, मग दुधाचं दही व्हायचं कुठून? मीठ शेवटी. फोडणी मोहरी, हिंग, उडदाची डाळ आणि कढीपत्त्याची, तीही निघायच्या आधी पाच मिनिटं. वर बचतगटाच्या प्रदर्शनातून आणलेल्या सांडग्या मिरच्या तळून, चुरून. हात लागला तो एवढ्यालाच. बाकी सगळा वेळ काकू झोपलेल्या असतात.

लक्ष्मीबाई धुरंधरांनी 1910 साली ‘गृहिणी-मित्र’ लिहिलं तेव्हा त्याच्या नावातच हजार पाकक्रिया होत्या. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून नव्या सुनांना वाटी-चमच्यांच्या मापाने स्वयंपाक शिकवला. ही दोन्ही पुस्तकं काकूंच्या कपाटात आहेत. त्यांनी त्यातून एकूण तीन पदार्थ उचललेत आणि तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघतं.

दुसरा पदार्थ कोजागिरीचा. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध असतं, आणि दुधावर दही म्हटलं की सोसायटीतले सगळे निवृत्त लोक एकदम आयुर्वेदाचार्य होतात. विरुद्धाहार, त्वचारोग, अमुक तमुक. (भेळेतल्या चिंचेच्या चटणीवर तेच दूध पिताना मात्र कोणाला चरक आठवत नाही.) त्या दिवशी काकू दडपे पोहे आणतात. पातळ पोहे, खवलेला नारळ, नारळाचं पाणी, मिरची, कोथिंबीर, साखर, लिंबू, वरून फोडणी आणि पोह्याच्या पापडाचा चुरा. वर जड झाकण ठेवायचं, की झालं. पोह्यांना नारळाच्या पाण्याने आपोआप मऊपणा येतो, गॅस लागतो तो कढल्यापुरता. पण काकू हे असं सांगत नाहीत. त्या सांगतात, ‘आज लक्ष्मीला पोहे आणि नारळाचं पाणी याचाच नैवेद्य असतो. म्हणून मुद्दाम केले.’ हे धर्मशास्त्राप्रमाणे बरोबरही आहे. म्हणजे तीन तास खपून मिसळ करणाऱ्या बाईला फक्त ‘छान झालीय’ मिळतं आणि वीस मिनिटांत पोहे दडपणाऱ्या काकूंना वरती पुण्यही.

तिसरा पदार्थ चैत्रातल्या हळदीकुंकवाला : आंबेडाळ. हरभऱ्याची डाळ रात्रभर स्वतःच भिजते, मिक्सर ती भरड वाटतो, कैरी काकांना किसायला सांगितलेली असते.

भांड्याचंही त्यांचं ठरलेलं आहे. स्टीलचं मोठं पातेलं, त्यावर दुकानदाराकडून घालून घेतलेलं नाव आणि वास्तुशांतीची तारीख. ते गच्चीवरच विसरून यायचं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते घासून घरी आणून देतं, आणि मराठी माणसाला दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करवत नाही. पाच-सात चकल्या, दोन लाडू, निदान मूठभर शेंगदाणे तरी येतातच.

या साम्राज्याला मागच्या उन्हाळ्यात धक्का बसला. चौथ्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं होतं. सेक्रेटरींचा मेसेज पडला आणि काकू टाइप करत असतानाच वर ओळ उमटली : ‘दहीभात मी आणते.’ ग्रुपवर शांतता पसरली. त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांनी काकूंचं उत्तर आलं : ‘वा! छान! मग मी फोडणी घेऊन येते.’

फोडणी! तीस वर्षांत असा पदार्थ कोणी लिहिला नव्हता. सेक्रेटरींनी यादीत तोही चढवला. बारा नंबर, पावभाजी. तेरा नंबर, फोडणी.

शनिवारी त्या मुलीने भलंमोठं पातेलं नवऱ्याबरोबर दोन्ही कानांना धरून वर आणलं. भात उत्तम होता. दूध, दही, मीठ सगळं जागच्या जागी, यूट्यूबवर बघून शिकली होती. पातेलं टेबलाच्या टोकाला तासभर पांढरंशुभ्र पडून राहिलं. सव्वानऊला काकू आल्या. हातात लोखंडी कढलं, पदराखाली एक डबी. पापड भाजून मोकळ्या झालेल्या शेगडीवर त्यांनी कढलं ठेवलं, तूप घातलं, मोहरी टाकली. मोहरी तडतडली, हिंगाचा वास गच्चीभर गेला, कढीपत्ता चर्र झाला आणि पाठ फिरवून बसलेली माणसंसुद्धा वळली. काकूंनी ते कढलं सगळ्यांदेखत पातेल्यावर उलटं केलं, डाव फिरवला आणि पहिलं वाढप आजोबांना केलं.

‘अहाहा,’ आजोबा म्हणाले, ‘दहीभात खावा तर काकूंच्या हातचा!’

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती मुलगीही डोलावत होती. पातेलं संपलं तेव्हा ते उचलायला, खाली न्यायला आणि घासायला तिचंच होतं. काकूंनी स्वतःचं कढलं कागदी रुमालाने पुसून पिशवीत टाकलं आणि जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, ‘पुढच्या वेळी भात तूच आणशील ना गं?’