सशाची बडदास्त

आमच्या वाशीम जिल्ह्यात जनावर कशाला म्हणायचं, हे पक्कं ठरलेलं आहे. जे दूध देतं, वखर ओढतं, अंडी घालतं, निदान रात्री-अपरात्री भुंकतं तरी, ते जनावर. बाकीचं सगळं रिकामटेकडं. त्यामुळे मुलीच्या हट्टापायी मी एक पांढरा ससा विकत घेऊन भाजीच्या पिशवीतून घरी आणला, तेव्हा आईने पिशवीत डोकावून विचारलं, "हे कोन्या कामाचं व्हय?" मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. उत्तर येत असो वा नसो, द्यायची सवय. मी सांगितलं, की ससा हा कुरतडणारा प्राणी असून तो उंदीर-घुशींच्या गणात मोडतो. आई म्हणाली, "म्हंजे पैसे देऊन उंदीर आनला."

कापसाच्या मुलखात पांढऱ्या वस्तूला नाव शोधायला लांब जावं लागत नाही. मुलीने तिचं नाव सरकी ठेवलं. ती मादी आहे, हे मी जाहीर केलं होतं. कशावरून, ते विचारू नका; घरातही कोणी विचारलं नाही, आणि शिक्षकाच्या पेशात एवढाच काय तो आराम आहे.

शेजारच्या निवृत्त काकांनी मात्र घाबरवून सोडलं. ससा पाळणं गुन्हा आहे, वनखात्याचे लोक येतील, म्हणाले. त्यांचं अर्धं बरोबर होतं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटांच्या शेजारी राहतो, किंवा तुरीच्या तासांतून एकदम निसटून जातो, तो तपकिरी रानससा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि तो घरात ठेवता येत नाही. हा पांढरा पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, त्याची जातच निराळी. हे सगळं मी काकांना गच्चीवरून ओरडून समजावलं. तेव्हापासून ते सरकीला 'परदेशची पाहुणी' म्हणतात. मला काही म्हणत नाहीत.

तर मे महिना होता. पारा ४२ च्या वर, नळाला दिवसाआड पाणी, आणि कूलर भरायचं काम घरात माझ्याकडे, कारण त्याला डोकं लागत नाही असं बायकोचं मत. त्या दिवशी मी स्टुलावर चढलो, एका हातात बादली, दुसऱ्या हातात नळी, नळीचं दुसरं टोक न्हाणीतल्या नळाला, आणि नळ सोडायला सांगितलेली मुलगी दारात मैत्रिणीशी बोलत उभी. पाणी काही येईना म्हणून मी नळीत डोकावलो, नेमकं तेव्हाच पाणी आलं, चष्मा उडाला, चष्मा धरायला गेलो तर बादली सुटली आणि कूलरऐवजी फरशीवर ओतली गेली, गार फरशी पाहून सरकी दिवाणाखालून आनंदाने बाहेर आली, आणि बादली, मी व स्टूल असे तिघे ज्या क्रमाने खाली आलो त्यात स्टूल शेवटचं होतं. ते आधी माझ्या पायाच्या अंगठ्यावर आणि मग तिच्या मागच्या पायावर आदळलं. मी किंचाळलो. ती नाही.

घरातले सगळे धावत आले आणि मला ओलांडून पलीकडे गेले.

ससा ओरडत नाही, याचा अर्थ त्याला दुखत नाही असा नसतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोल्ह्या-लांडग्यांचं जेवण म्हणून जगावं लागलं, त्याला दुखणं दाखवणं परवडत नाही; तो कोपरा धरतो, खाणं सोडतो आणि फार झालं तर हळूच दात करकर वाजवतो. सरकी दिवाणाखाली जाऊन हेच करत होती. मी पालथा पडून, हात लांब करून तिचे ठोके मोजायला गेलो. सशाचं हृदय मिनिटाला साधारण १८० ते २५० वेळा धडधडतं, हे मला ठाऊक होतं; पण माझंही त्या वेळी जवळपास तेवढंच चाललेलं असल्यामुळे नक्की कोणाचे ठोके मोजतोय, ते कळेना.

बातमी गल्लीभर झाली. आईने आंबेहळद उगाळायला घेतली. समोरच्या आजींनी कुंपणावरची कांडवेल तोडून आणली, ती हाडं सांधते म्हणे. दूधवाला म्हणाला, "सर, डाग देऊन टाका. आमच्या गोऱ्ह्याले देल्ला, दुसऱ्या दिवशी पयाला." डाग द्यायला आलेले पाहून मीही पळालो असतो. शेवटी आंबेहळदीवर एकमत झालं, तर सरकीने लेपाचा वास घेतला आणि मान फिरवून दिवाणाच्या पार भिंतीपर्यंत सरकली. वाटीभर लेप तसाच राहिला. तो माझ्या अंगठ्याला लावावा, असं कोणाच्याही मनात आलं नाही.

सकाळी तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्यासमोर लोखंडी नळ्यांचा खोडा असतो, बैल त्यात उभा करायचा आणि मग सुई टोचायची. रांगेत बैल, एक म्हैस, काही शेळ्या आणि मी. सगळ्यांच्या हातात कासरा, माझ्या हातात झाकणाची टोपली.

"कोंबडी आनली काय, सर?"

"ससा आहे."

"कोनं मारला?"

"मारला नाही हो. पाय मोडलाय त्याचा."

"मंग?"

या 'मंग'ला उत्तर नव्हतं. त्याचा लाखभराचा बैल खोड्यात उभा, आणि मी सव्वा-दीड किलोच्या जिवासाठी घाम पुसत रांगेत. उन्हाळी सुट्टी असल्यामुळे रजेच्या अर्जात कारण लिहायची नामुष्की तेवढी टळली होती. त्यात तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप निघाला. टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोराले तुमीच शिकवलं होतं, सर. आता समजलं." काय समजलं, ते त्याने सांगितलं नाही.

डॉक्टर भले होते. पाय हलक्या हाताने चाचपून म्हणाले, हाड मोडलंय, एक्स-रे लागेल, अकोल्याला पशुवैद्यक संस्थेच्या दवाखान्यात न्या. मग विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? मी अभिमानाने सांगितलं, की रात्रीपासून उपाशी ठेवलंय, ऑपरेशनची वेळ आली तर तयारी असावी म्हणून. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे माणसाप्रमाणे त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही. उलट त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, पोट रिकामं राहिलं की ते थांबतं, आणि पाय मोडून न मरणारा ससा आतडं थांबून मरतो. खोड्यातल्या बैलाने हे सगळं ऐकलं.

वाशीम ते अकोला ८० किलोमीटरच्या आसपास. मालेगाव, मेडशी, पातूर, मग अकोला. मुलगी, मी आणि टोपली एसटीत बसलो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कंडक्टरने मुलीचं अर्धं फाडलं, माझं पूर्ण फाडलं, टोपलीवरचं फडकं उचललं आणि विचारलं, "नर व्हय का मादी?"

"मादी."

"मंग हिचंबी अर्धंच बसते," म्हणून तो हसत पुढे गेला, आणि मालेगाव येईपर्यंत बसमधला प्रत्येक जण आमची अर्ध्या तिकिटाची पाहुणी बघून गेला. सशाला आपल्यासारखा घाम सुटत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे सोडतो. म्हणून मुलगी सारखा ओला हात तिच्या कानांवरून फिरवत होती. पातूरच्या घाटात मी गुपचूप माझ्याही कानांना पाणी लावून पाहिलं. शर्टाची कॉलर भिजली. बाकी फरक नाही.

अकोल्याला डॉक्टरबाई तरुण होत्या. मदत करावी म्हणून मी पुढे झालो आणि सरकीला कान धरून उचलायला हात घातला, तर त्या अशा ओरडल्या की वऱ्हांड्यातला कुत्रा गप्प झाला. सशाच्या सांगाड्याचं वजन अंगाच्या जेमतेम ७-८ टक्के, मांजराचं १२-१३. पण मागच्या पायांत जोर एवढा, की खालून आधार न देता उचललं आणि त्याने लाथ झाडली तर तो स्वतःचीच पाठ मोडून घेतो. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि तो माणूस मी नव्हे, असं ठरलं. बाईंनी त्याला उताणं केलं, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हा नर आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये हे ओळखणं जरा अवघडच, नाही का? बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ससा उंदरांच्या गणात नाही. वरच्या पुढच्या दातांमागे त्याला आणखी दोन बारके दात असतात, उंदराला नसतात. १९१२ मध्येच त्याचा गण वेगळा केलाय." १९१२! म्हणजे मी जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून चुकत होतो. आठवीच्या आजवरच्या सगळ्या तुकड्या डोळ्यांपुढून निघून गेल्या, त्यातले काही आता तलाठी आहेत.

एक्स-रे निघाला, हाड सरळ मोडलं होतं, कामटी लावून पट्टी बांधली. साधारण चार ते सहा आठवडे. मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध वजनाप्रमाणे मोजून द्यायचं. घरातल्या डब्यातलं काही द्यायचं नाही, विशेषतः पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे कधीच नाही. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यांच्यामागोमाग ससा. "आणि लेंड्यांवर लक्ष ठेवा," बाई म्हणाल्या. "लेंड्या पडताहेत तोवर चिंता नाही."

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर. "कशी हाये मादी?"

"नर निघाला."

तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. "मंग सकाळचं अर्धं बाकी राह्यलं ना, सर!"

घरी आल्यावर बडदास्त सुरू झाली. सरकीचा सरकू झाला. दिवाणखान्यात कूलरसमोर त्याचं अंथरूण; मी माझं उचलून ओसरीत. वाळलेलं गवत, मेथीच्या काड्या, कोथिंबीर, आणि तो खाईना तेव्हा गवताची पूड पाण्यात कालवून बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेने भरवायची. औषध गोडसर असतं. मला माहीत आहे, कारण पहिल्या डोसाला त्याने मान झटकली तेव्हा मी तोंड उघडं ठेवून "आ कर, आ कर" म्हणत होतो. त्या रात्री अंगठा जरा कमी ठणकला, असं वाटलं. बायको सरकूच्या लंगडण्याकडे पाहून म्हणाली, "इतकी वर्षं नुसतं ऐकत होते, आता खरंच तीन पायांचा ससा आणलात घरात."

पुढे तो पट्टी चावायला लागला. मी माझ्या गुडघ्याचा जुना एक्स-रे गोल कापून त्याच्या गळ्यात घातला. पट्टी वाचली, माझा गुडघाही कामी आला, शिवाय रात्री शेपटीखाली तोंड घालून तो जे काही खायचा ती किळसवाणी सवयही सुटली. मी खूश. तो मात्र सुस्तावत चालला. घाबरून फोन केला तर डॉक्टरबाई म्हणाल्या, ती कॉलर आधी काढा. ससा त्या मऊ लेंड्या मुद्दाम खातो, त्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात, एकच अन्न दोनदा पचवायची त्याची रीत आहे ती. म्हणजे मी त्याला सुधारत नव्हतो, त्याचं अर्धं ताट ओढून घेत होतो. आई म्हणाली, "उंदरानं इतका तरास देल्ला नसता."

लेंड्यांवर लक्ष ठेवायचं म्हणजे मोजायच्या, असा मी शास्त्रीय अर्थ काढला. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. पहाटे टॉर्च घेऊन, चष्मा पुसून मी मोजायचो आणि हाताशी असलेल्या कालनिर्णयाच्या चौकटीत आकडा टाकायचो. त्या चौकटींत बायको दुधाचा हिशेब लिहिते, हे लग्नापासून माहीत होतं. पहाटे आठवलं नाही. महिनाअखेर दूधवाला कालनिर्णयासमोर उभा राहिला आणि बराच वेळ हलला नाही. प्रामाणिक माणूस. म्हणाला, "सर, माह्या दोनच म्हशी हायेत." मग त्या आकड्यांतून दूध कोणतं नि लेंड्या कोणत्या, हे वेगळं करायला मी बसलो, बायको बसली, मुलगी मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसली, आणि शेवटी आईने बोटांवर मोजून सांगितला तो हिशेब सर्वांनी मान्य केला.

पट्टी निघाली तेव्हा पाऊस लागला होता, सोयाबीनच्या पेरण्या आटोपत आल्या होत्या. सशाचे पुढचे दात वर्षाला सुमारे १० ते १२ सेंटीमीटर वाढत राहतात आणि ते सतत झिजवावे लागतात. मोकळा झाल्या झाल्या सरकूने ते माझ्या चपलेवर झिजवले, दुखऱ्या अंगठ्याच्या बाजूच्या. शाळा उघडल्यावर मी वर्गात जाहीर केलं, की ससा उंदरांच्या गणात येत नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माह्या भावाच्या वहीत तर तुमीच लिवून देल्लं हाये." मी त्याला बसायला सांगितलं.

तेव्हा मंडळी, तुमच्याकडे ससा असेल तर त्याला उपाशी ठेवू नका, कान धरून उचलू नका, गळ्यात काही अडकवू नका, घरच्या डब्यातल्या गोळ्या देऊ नका, आणि त्याने खाणं सोडलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सरळ अकोल्याची गाडी धरा. आणि दुधाचा हिशेब कृपा करून वेगळ्या वहीत ठेवा.