पुढचं मागं चालत नाही

दसऱ्याला आमच्या गोंदियात गाड्यांची पूजा इतकी दणक्यात होते की झेंडूखाली गाडीचा रंग शोधावा लागतो. चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात. पाचव्या चाकाच्या वाट्याला लिंबू आलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. स्टेपनी डिकीत, सतरंजीखाली, आणि त्या सतरंजीवर सासुरवाडीहून आलेली तांदळाची चुंगडी. तिच्यातली हवा कोणी तपासत नाही; पण स्टेपनी नाही म्हटलं तर गोरेगावच्या पुढे जायची कोणाची छाती होत नाही.

स्टेपनी निवडायची आपली रीतही ठरलेली. नवे टायर घेतले की जुन्यातला त्यातल्या त्यात बरा तिच्या नशिबी. साईज वेगळी असली तर ‘इमर्जन्सीपुरतं चालते ना जी!’ टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? जुन्या अल्टोच्या टायरवर 145/80 R12 असं असतं. म्हणजे रुंदी 145 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, आणि 12 इंचांची रिम. तिच्या के-10 नावाच्या बहिणीला आधी 155/65 R13 टायर होते. रिम एक इंचाने मोठी, म्हणून चाकही मोठं असेल असं वाटतं. हिशेब करून पाहा, पूर्ण चाक उलट पाच मिलिमीटरने लहान भरतं. हे गणित मी एका लग्नाच्या पंगतीत समजावून सांगितलं होतं. वाढपी माझ्या पुढ्यातून कढी न वाढता गेला.

तशी लहानमोठ्या चाकांची सवय गोंदियाला जुनी आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने 1903 ते 1905 च्या दरम्यान नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी लाईन टाकली, आणि पुढची शंभर वर्षं एकाच स्टेशनात मुंबई-हावड्याची ब्रॉडगेज आणि ही छोटी गाडी नांदल्या. पण रेल्वेवाले शहाणे. त्यांनी प्रवाशाला सामानासकट या गाडीतून त्या गाडीत चढवलं, एका गाडीचं चाक दुसरीला लावलं नाही.

ती हौस मोटारवाल्यांची. त्यातही कंपनीनेच मुद्दाम लहानमोठी चाकं दिलेली गाडी म्हणजे माझी नॅनो. इंजिन मागे, वजन मागे, म्हणून मागचे टायर रुंद, 155/65 R12, आणि पुढचे अरुंद, 135/70 R12. स्टेपनी एकच, पुढच्या मापाची, आणि तीही पुढे बॉनेटखाली. बॉनेट उघडलं की इंजिन बघायला वाकलेल्या माणसाला टायर दिसतो. मग तो माझ्याकडे असा बघतो की इंजिन मीच विकून खाल्लं.

नवेगाव बांधला निघालो होतो, रोवणीचे दिवस, सोबत मेहुणे. मुरदोलीच्या जंगलात मागचं डावं चाक बसलं. मेहुण्यांनी मोठ्या उत्साहाने पाना हातात घेतला, नट काढले, मोजले आणि ओरडले, “भाऊजी, चौथा नट पडला!” नॅनोच्या चाकाला मुळात तीनच नट, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते बांधाकडच्या गवतात शिरलेसुद्धा. ज्या रस्त्यावर वन्यप्राण्यांसाठी गाडी हळू चालवा म्हणून पाट्या आहेत, तिथे हा माणूस गवतात नट शोधत होता. “तीनच असतात” म्हटलं तर म्हणाले, “मंग किंमत कमी रायलच ना!”

एवढ्यात एक ट्रॅक्टरवाला थांबला. मागच्या चाकांना चिखलणीचे लोखंडी पिंजरे, अंगावर बांधीतला चिखल. लहान चाक मागे लागलेलं पाहून तो म्हणाला, “काही फरक पडत नाही जी. आमच्या ट्रॅक्टरचे बी चाकं लहानमोठेच रायतेत.” मेहुण्यांना हे फार पटलं. पण ट्रॅक्टरची लहान चाकं दोन्ही पुढे असतात, एक डावीकडे आणि एक घरी असं नसतं, एवढा बारकावा त्या चर्चेत टिकला नाही.

खरी मेख तिथेच आहे. नॅनोची ताकद मागच्या चाकांना. त्या दोघांच्या मध्ये डिफरन्शियल बसलेलं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, तो फरक तिथले गिअर सांभाळतात आणि सरळ रस्ता लागला की आराम करतात. इथे स्टेपनी घेरात चार सेंटिमीटरने कमी. म्हणजे किलोमीटरमागे तिचे सोळा-एक फेरे जास्त, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलची ओव्हरटाइम ड्युटी. थोडं अंतर सावकाश गेलं तर ते सोसतं, रायपूरपर्यंत नेऊ नये. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत तर लहान स्टेपनी मागेच लावावी. पुढचं चाक पंक्चर असेल तर मागचं चांगलं पुढे आणून. दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो, हे कबूल.

कोहमाऱ्याच्या पंक्चरवाल्याने खिळा काढता काढता हे सगळं शास्त्र एका वाक्यात उरकलं. “भाऊ, मागचा पुढं एखाद्या वेळेस चालून जाते, पुढचा मागं चालत नाही.” मेहुणे घरच्या राजकारणाचा विचार करत बराच वेळ गप्प होते.

आता त्यांनी नवी गाडी घेतली आहे. 2020 च्या नियमबदलानंतर टायर ट्यूबलेस असतील, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. यांच्या गाडीत किट आलं. मेहुण्यांनी शोरूममध्ये ती बाटली हलवून पाहिली, झाकण उघडून वास घेतला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून रिमसकट पाचवं चाक आणलं. पूर्ण मापाचं. डिकीत त्याला खड्डाच नाही, आणि वर चुंगडीही ठेवायची असते, म्हणून ते मागच्या सीटवर बसतं. सीटवर वजन पडलं की गाडी कुईकुई करते, त्यामुळे त्याला बेल्ट लावावा लागतो. वहिनी शेजारी बसतात. त्यांना खिडकी मिळत नाही, ती स्टेपनीकडे आहे.