भास्कराचार्यांच्या फलकाबाबत विनंतिअर्ज

राजमान्य राजेश्री स्मृतिफलक समितीचे अध्यक्षमहाराज यांचे सेवेशी,

कृतानेक नमस्कार विनंती विशेष. भास्कराचार्यांचा जन्म आपल्याच गावी झाला, असा ठराव समितीच्या बैठकीत बहुमताने मंजूर झाल्याचे कळून परमसंतोष झाला. जो तंटा पंडितांना पिढ्यान्‌पिढ्या तोडता आला नाही, तो आपण नुसते हात वर करून निकालात काढलात. आचार्यांनी स्वतः ‘सिद्धांतशिरोमणी’त आपले गोत्र शांडिल्य, जन्मशक 1036 आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड, एवढा दाखला देऊन ठेवला आहे; परंतु ते विज्जडविड कोणी विजापुरात शोधले, कोणी बीडास, कोणी चाळीसगावाजवळच्या पाटणास, आणि 1587 साली त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाचा फारसी तर्जुमा करणाऱ्या फैजीने तर आचार्यांना थेट बेदरास नेऊन बसविले. विजापुराहून सह्याद्री दिसत नाही, ही हरकत कोणी काढली होती म्हणतात. आपल्या गावाहूनही तो दिसत नाही, तेव्हा या बाबतीत आपला हक्क विजापुराइतकाच बळकट आहे.

फलकाचा मसुदा मी आदरपूर्वक वाचला. पहिल्या ओळीत उद्घाटक, दुसरीत अध्यक्ष, तिसरीत स्वागताध्यक्ष, चौथीत संगमरवराचा मक्तेदार, आणि पाचवीत, चार अंगुळे उरली म्हणून, आचार्य. हा क्रम यथायोग्यच आहे, कारण पहिल्या चौघांना फलकाची गरज आहे आणि पाचव्याला नाही. त्याखाली आचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षण शोधल्याचे आपण ठोकून दिले आहे. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे, असे आचार्यांनी लिहिले खरे. पण गतीचे जे गणित त्यांनी खरोखर केले, त्याची दखल मसुद्यात औषधालाही नाही. चंद्राची गती क्षणोक्षणी पालटते, म्हणून तिथीचा अंत जवळ आला असता दिवसभराच्या सरासरीवर विसंबून भागत नाही, त्या क्षणाचीच गती काढली पाहिजे, असे बजावून ज्याने ‘तात्कालिक गती’चा विचार छत्तिसाव्या वर्षी रचलेल्या ग्रंथात मांडला, त्याला न्यूटनच्या वशिल्याने मोठे करावे लागते, याचा मला किंचित विषाद वाटला. लीलावती ही आचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही हकीकतही आपण कोरणार आहात. तिचा साक्षीदार चार शतकांनंतरचा तोच फैजी आहे, ज्याची बेदरविषयीची साक्ष आपण नुकतीच नामंजूर केलीत.

आता एक जुने दफ्तर आपल्या नजरेस आणतो. पाटणच्या देवीच्या देवळात एक शिळा आहे, डॉ. भाऊ दाजी यांनी ती 1865 साली उजेडात आणली. यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी असलेले आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके 1128 मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचे पर्व साधून, त्या मठाला दान दिले. शिळेवर आरंभी संस्कृतात वंशावळ आणि स्तुती आहे, आणि मग एकाएकी, स्तुतीने पोट भरत नाही हे ओळखून असल्याप्रमाणे, मराठीत व्यवहाराची कलमे सुरू होतात: बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा हक्क काय, माप कोणाचे, आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. रात्री ‘गोलाध्याया’ची पोथी उघडायची तर दिव्यात तेल लागते, याची ज्या शिलालेखाने तजवीज केली, तो आचार्यांचा जन्म कोठे झाला याविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. नातवालासुद्धा हे लिहावेसे वाटू नये, ही त्याची केवढी गफलत!

सबब अर्ज असा की, मसुद्यात तेलाचे एक कलम घालावे. गावात घाणे उरले नसतील तर त्याऐवजी शाळेच्या पोरांसाठी एक बरीशी दुर्बीण आणि रात्री पटांगणाचे कुलूप काढणारा एक शिपाई, एवढी तरतूद झाली तरी चालेल; खर्चास पैसा नसल्यास पहिल्या चार ओळींची कोरणावळ वाचवावी. मक्तेदाराचा याला विरोध होईल, हे मी जाणून आहे.

बहुत काय लिहिणे, कृपालोभ असावा.

आपला,
एक वर्गणीदार

ता. क. : समारंभाची वेळ पत्रिकेत सकाळी 10 अशी छापली आहे. सूर्याच्या उंचीवरून वेळ काढण्यासाठी आचार्यांनी ‘फलकयंत्र’ नावाचे एक यंत्र सांगितले आहे. आमच्या आळीतल्या सुताराकडून मी ते फळीचे करवून घेत आहे. उद्घाटक किती घटका उशिरा आले, हे त्यावर नोंदवून तो आकडा समितीकडे पाठवीन; पाचव्या ओळीपुढे जागा उरल्यास कोरून घ्यावा.