मेलेल्याच्या नावाचा सातबारा, अर्थात घरचा संगणक नवशिक्यांनी कसा उघडावा

साहित्य : पासवर्ड घेऊन ‘वेलकम’ म्हणणारा आणि त्याच दमात ‘साइनिंग आउट’ करून पुन्हा पासवर्ड मागणारा एक संगणक. आठ जीबीचा पेनड्राइव्ह. शेजाऱ्यांचा चालू संगणक. पावसाळा असेल तर इन्व्हर्टर आणि महावितरणची मर्जी.

प्रथम पासवर्ड दहा-बारा वेळा घालावा. याने काहीही होत नाही, पण ही पायरी गाळायची रत्नागिरीत पद्धत नाही. पासवर्ड चुकला असता तर संगणकाने तसं तोंडावर सांगितलं असतं. त्या बाबतीत तो आपल्याच गावचा आहे.

मग सल्लागार जमतात. मारुती मंदिराजवळचा ओळखीचा पोरगा फोनवरूनच ‘फॉरमॅट मारा’ म्हणतो. त्याचं ऐकू नये. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि मुंजीचे फोटो त्यात जातात. ‘सेफ मोडमध्ये जा’ म्हणणारे काका सज्जन असतात, पण इथे सेफ मोडही तुम्हाला तसाच हाकलतो. उरला मुंबईचा भाचा. मे महिन्यात आंबे खायला येऊन फुकट सिनेमे उतरवणारं काहीतरी टाकून गेला तोच, आणि गणपतीला येऊन फुकटच्या अँटिव्हायरसने ते उपटून काढलं तेही त्यानेच. बिघाड आत आला तेव्हा दिसला नाही. दिसला तो काढल्यावर.

कारण असं. पासवर्ड जुळला की विंडोज ‘युजरइनिट’ नावाच्या छोट्या प्रोग्रामला हाक मारतं आणि तो पुढचं सगळं मांडतो. हाक कोणाला मारायची ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या दप्तरात, लिहिलेलं असतं. घुसखोर तिथे आपलं नाव चढवतो. अँटिव्हायरस घुसखोराला मारतो, नोंद मात्र तशीच राहते. माणूस गेला, सातबाऱ्यावर नाव तेच : कोकणात हे कोणाला समजावून सांगायला नको. विंडोज त्या मयताला हाक मारतं, ओ येत नाही, आणि तुमची बोळवण होते. विंडोज एक्सपीच्या काळात ‘ब्लेझफाइंड’ नावाच्या घुसखोराने असाच घोळ घातला होता. तेव्हा लोक युजरइनिटची एक प्रत काढून तिला मयताचं नाव द्यायचे. तोतया वारस उभा राहायचा आणि दार उघडायचं!

आपण रीतसर फेरफार करू. शेजाऱ्यांकडे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करा (त्यावरचं सगळं पुसलं जातं, त्यांच्या भजनांसकट). त्यावरून संगणक सुरू करा. ‘इन्स्टॉल’ला हात लावायचा नाही; ‘रिपेअर’ घ्या, मग ट्रबलशूट, मग कमांड प्रॉम्प्ट. ‘रेगएडिट’ टाइप करा.

इथे भलेभले फसतात. समोर दिसते ती रजिस्ट्री पेनड्राइव्हची, तुमची नव्हे. ‘लोकल मशीन’ निवडून फाइल मेनूतून ‘लोड हाइव्ह’ करा आणि विंडोज, सिस्टिम32, कॉन्फिग या वाटेने ‘सॉफ्टवेअर’ नावाची फाइल उघडा. तुमची सी ड्राइव्ह इथे डी म्हणूनही भेटेल, दचकू नका. नाव विचारेल, काहीही द्या. मी ‘थिबा’ देतो; तो ब्रह्मदेशाचा राजाही मुलुख सोडून रत्नागिरीत उतरवलेला होता आणि 1916 मध्ये इथेच गेला.

आता त्या ‘थिबा’च्या आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगन. उजवीकडे ‘युजरइनिट’समोर, अर्थात रोमन अक्षरांत, एवढंच हवं : सी:\विंडोज\सिस्टिम32\युजरइनिट.ईएक्सई आणि शेवटी स्वल्पविराम. तो मूळ नोंदीत असतोच. मुद्रितशोधकाच्या उत्साहाने काढू नये. ‘शेल’समोर फक्त एक्सप्लोरर.ईएक्सई असावं. हाइव्ह ‘अनलोड’ करा, पेनड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा.

उघडला? चहा नंतर. आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन.

आणि भाच्याला वेगळं खातं काढून द्या, अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेलं. त्या खात्यातून विनलॉगनमधली नोंद बदलता येत नाही. अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्याने कितीही लाडात मागितला तरी सांगू नका.