लिहून ठेवलं, काका!

डायमंड गार्डनच्या कट्ट्यावरचे भाकीतभूषण काका यांस,



पत्रास कारण की, प्रत्येक भविष्यवाणीनंतर तुम्ही बाकावर थाप मारून 'लिहून ठेव' म्हणता. चेंबूरमध्ये एवढी वर्षं तुमचं ऐकणाऱ्यांपैकी कुणी ते मनावर घेतलं नसेल, मी घेतलं. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. त्यांवर तारीखवार तुमची वाक्यं आहेत, आणि समोरच्या रकान्यात प्रत्यक्षात काय घडलं ते. पत्र जाहीर अशासाठी, की भाकीत तुम्हीही कधी हळू आवाजात केलेलं नाही.

सोप्यापासून सुरुवात करते. 1 जून 2024. संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले आणि तुम्ही 'तीनशे ऐंशीच्या खाली येतच नाहीत' असं जाहीर केलंत. 3 तारखेला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, तेव्हा जावयाला फोन करून शेअर घ्यायलाही लावलेत. 4 तारखेला तोच सेन्सेक्स जवळजवळ 4,400 अंकांनी आपटला आणि एनडीएची गाडी 293 वर थांबली. एका नामांकित सर्वेक्षण संस्थेचा प्रमुख त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर रडला. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कट्ट्यावर हजर: 'मी म्हटलंच होतं, अवघड आहे.' जावई बोलतात ना हल्ली?

मग वारं फिरलं तसे तुम्हीही फिरलात. लोकसभेला महाराष्ट्रात आघाडीला 30 जागा मिळाल्या म्हटल्यावर विधानसभा तुम्ही आघाडीला देऊनच टाकलीत, मंत्रिमंडळासकट. नोव्हेंबरात महायुती 230 वर गेली. त्याच वर्षी वायव्य मुंबईतला खासदार 48 मतांनी ठरला आणि आपल्या शेजारच्या अणुशक्तीनगरचा आमदार 3,378 मतांनी. अठ्ठेचाळीस मतं म्हणजे एका इमारतीतले लोक मतदानाला जाताना पावसाने अडले तरी फिरणारा निकाल. 'जनतेचा मूड' नावाची तुमची ती वस्तू त्यात नेमकी कुठे बसवायची, हे विचारलं तेव्हा तुम्ही चहा मागवलात.

पुतण्या ग्लासगोला गेल्यापासून तर तुमची भाकितं आंतरराष्ट्रीय झाली. सप्टेंबर 2014 मध्ये सार्वमताच्या दहा-बारा दिवस आधी एका चाचणीत स्वतंत्र स्कॉटलंडची बाजू जेमतेम पुढे दिसली, आणि तुम्ही इकडे 'सुटलं स्कॉटलंड' म्हणून मोकळे. 18 तारखेला 55 टक्के लोकांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं. मग 'आता विषय एका पिढीपुरता मिटला.' आठ महिन्यांत तिथल्या राष्ट्रवादी पक्षाने वेस्टमिन्स्टरच्या 59 पैकी 56 जागा घेतल्या. मग 'आता यांना कोण थांबवतो.' 2024 मध्ये ते 9 वर आले.

एवढ्यावरून तुम्हाला नावं ठेवणार नाही, तुमची संगत मोठी आहे. मजूर पक्षाचे जॉर्ज रॉबर्टसन 1995 मध्ये म्हणाले होते की एकदा स्कॉटलंडला अंतर्गत स्वराज्य दिलं की तिथला राष्ट्रवाद कायमचा थंड होईल. संसद आली 1999 मध्ये. 2011 मध्ये त्याच राष्ट्रवाद्यांनी 129 पैकी 69 जागा जिंकून त्या संसदेत स्पष्ट बहुमत घेतलं, तेही एका पक्षाला बहुमत मिळणं जवळपास अशक्य मानलं जाई अशा मतदानपद्धतीत. रॉबर्टसन तोवर नाटोचे सरचिटणीसपद भूषवून आले होते. भाकीत चुकल्याने कुणाची बढती अडत नाही, हे तुम्ही त्यांच्याकडूनच उचललेलं दिसतं.

पण काका, त्या स्कॉटिश चाचणीचं पुढे काय झालं ते तुम्ही कट्ट्यावर कधी सांगितलं नाहीत. एक आकडा छापून आला आणि लंडनमधल्या तिन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांची पळापळ झाली. जादा अधिकार देऊ, असं तिघांच्या सह्यांनिशी पहिल्या पानावर लिहून द्यावं लागलं. मतदानाला 84.6 टक्के लोक बाहेर पडले, सोळा वर्षांची पोरंसुद्धा. तिथल्या भाकिताने राज्यकर्त्यांची झोप उडवली. तुमच्या भाकितांनी आमची झोप गाढ केली, आणि माझी खरी तक्रार तिथून सुरू होते.

वहीतलं पालिकेचं पान काढा. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. संविधानाच्या 243-यू कलमात स्वच्छ लिहिलंय की पालिकेचा कार्यकाळ पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. त्या आठवड्यातलं तुमचं वाक्य: 'एप्रिल, फार तर मे.' त्यानंतरच्या नोंदी ओळीने अशा: पावसाळा संपला की. दिवाळीनंतर नक्की. लोकसभेबरोबर उरकतील. लोकसभा झाली की लगेच. विधानसभेच्या आत घेतायत कशाला, नंतरच. नंतर म्हणजे नवीन वर्षात. प्रत्येक वेळी आवाजात तीच खात्री, आणि आम्ही प्रत्येक वेळी मान डोलावली.

दरम्यान प्रभाग 227 चे 236 झाले, सरकार बदललं तसे 236 चे पुन्हा 227 झाले, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 'जैसे थे'च्या आदेशावर अडकून राहिलं. तुम्ही ग्रहताऱ्यांसारखे पक्ष मांडत होतात. निवडणूक एका फायलीत होती. मुदत संपल्यावर पालिकेवर बसलेल्या प्रशासकाने 52,619 कोटींचा अर्थसंकल्प मांडला आणि स्वतःच मंजूर केला. मग 59,954 कोटींचा. मग 74,427 कोटींचा. सभागृहात हात वर करायला एकही माणूस नाही. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी भरलं तेव्हा मी जुन्या नगरसेवकांना फोन केला. 'ताई, मी आता माजी आहे,' ते म्हणाले, आणि आवाजात थोडी सुटकाही होती. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, 'चार महिने कळ काढ, निवडणूक लागतेच आहे.'

आता हे बघा. 'लागतेच आहे' म्हटल्यावर अर्ज कोण करणार? मोर्चा कोण काढणार? पावसाचा अंदाज ऐकून छत्री घ्यायची तसे आम्ही निवडणुकीचे अंदाज ऐकत बसलो, जणू ती वरून पडायची होती. नवी मुंबईकर तर 2020 पासून असेच बसले होते. विदर्भाचंही तुम्ही हेच केलंत. 1955 मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, 1997 मध्ये भाजपने भुवनेश्वरला ठराव केला, 2000 मध्ये तीन नवी राज्यं झाली, 2014 मध्ये तेलंगण झालं, आणि दर टप्प्यावर तुमचं 'पुढचा नंबर विदर्भाचा'. विदर्भ वेगळा असावा की नसावा, यावर तुमचं मत मला आजवर कळलेलं नाही. (मोनोरेल आली की चेंबूरचे रस्ते मोकळे होतील, हेही त्याच वहीत आहे. पान चाळून सोडून देते, संध्याकाळी आर. सी. मार्गावर उभं राहून तुम्हीच ताडून घ्या.)

अखेर 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून फर्मावलं, सप्टेंबरात 31 जानेवारी 2026 ची शेवटची मुदत दिली आणि 15 जानेवारीला मतदान झालं. राज्यातल्या 29 महापालिकांचं एकाच दिवशी. तेव्हाही 'मी म्हटलंच होतं' म्हणालात. एक्झिट पोलवाल्यांपैकी काहींनी मुंबईत युतीला 130 च्या पार नेलं होतं, तुम्ही 140 केलेत. निघाल्या 118, बहुमताला लागणाऱ्या 114 पेक्षा चारच जास्त.

आणि परवा, नव्या नगरसेवकांची नावंही पुरती पाठ झालेली नसताना, तुम्ही 2031 चा महापौर सांगायला लागलात. म्हणून दंड ठरवलाय. चुकलेल्या प्रत्येक भाकितामागे माहिती अधिकाराचा एक अर्ज, तुमच्या हस्ताक्षरात. पहिल्याचा विषय मी सुचवते: मार्च 2022 ते जानेवारी 2026 या काळात आपल्या प्रभागात कोणत्या कामावर किती खर्च झाला आणि तो कुणाच्या सहीने. अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तुमच्यासाठी खरी शिक्षा ती. सोबत कोरा कागद जोडलाय. कोर्ट फी स्टॅम्प मी लावून ठेवलाय, त्याचे दहा रुपये तुमच्याकडे बाकी.

कळावे,
तुमची वहीवाली, चेंबूर