आधी मले दाखव

मानोऱ्यात कुणाच्या घरी हातात धरून खेळायचा नवा गेम आला, की त्याचं खोकं फोडायचा पहिला मान घरच्या पोराला मिळत नाही. तो जाणकारभाऊंचा असतो. जाणकारभाऊ हे नाव नव्हे, हुद्दा आहे. तालुक्याच्या गावाला जसा तहसीलदार असतो तसा एक जाणकारभाऊही असतो. फरक एवढाच, की तहसीलदाराची बदली होते.

भाऊ पंचेचाळिशीचे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसलेले सापडतात, पण दुकान त्यांचं नाही. दुकान ज्याचं आहे तो मान खाली घालून सोल्डरिंग करतो, भाऊ मान वर करून बोलतात. शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि उजव्या करंगळीचं नख खास वाढवलेलं. हे नख म्हणजे त्यांचं मुख्य हत्यार. खोक्यावरचं सील ते नखानं असं उचलतात, की पुन्हा चिकटवलं तर कंपनीलाही कळू नये. कंपनी बघायला येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण काम म्हणजे काम.

पोरगं घाई करतं. त्याचा हात पुढं आला की भाऊ खोकं मागं ओढतात. ‘‘काय घाई हाये बे? पळून चाल्ला का गेम? आधी मले दाखव.’’

आता यांना एवढं महत्त्व कशाला, असं पुण्यामुंबईच्या माणसाला वाटेल. त्यानं जरा नकाशा बघावा. निन्टेंडोचा स्विच २०१७ च्या मार्चमध्ये बाजारात आला, पण भारतात कंपनीनं तो अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. आपल्याकडं तो येतो कुणाच्या तरी दुबईवाल्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या एखाद्या गाळ्यातून, चपट्या दोन पिनांचा चार्जर घेऊन. एसस कंपनीचा आरओजी अलाय मात्र २०२३ च्या जुलैत रीतसर आला, ६९,९९० रुपयांना, वॉरंटीसकट. पण त्या वॉरंटीनं मानोऱ्यापर्यंत कसं पोचायचं? आमचा वाशीम जिल्हा व्हायलाच १९९८ उजाडलं. सर्व्हिस सेंटरनं थोडा वेळ घेतला तर राग धरण्यात अर्थ नाही. तोवर ते स्टूल हेच सेंटर.

भाऊंचं शिक्षण पोहरादेवीच्या यात्रेत झालं. रामनवमीला तिथं जो जनसागर लोटतो, त्यात लहानपणी त्यांनी घरच्यांचा हात सोडला तो एका खेळण्याच्या दुकानासमोर. तिथं ब्रिक गेम टांगलेला होता. वर लिहिलेलं ‘९९९९ इन १’. घरी येऊन भाऊंनी मोजायला घेतलं, तेव्हा त्यांना कळलं की गेम जेमतेम डझनभर आहेत, बाकी सगळं वेग आणि सुरुवात बदलून वाढलेलं. विटा पडायचा जो मूळ खेळ, तो मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोवनं १९८४ साली संगणकावर केला. त्याच खेळानं १९८९ नंतर निन्टेंडोचा गेमबॉय जगभर खपवला आणि त्याचे दूरचे, गरीब नातलग पोहरादेवीपर्यंत आले. गेमबॉयला चार पेन्सिल सेल लागायचे, ब्रिक गेमला दोन. तेही संपले की भाऊ दातानं चावायचे आणि टिनावर उन्हात ठेवायचे. संध्याकाळी त्यावर गेम दहा मिनिटं चालायचा. ही विद्या आज कामाची नाही, तरी ती ते अजून शिकवतात.

त्यांच्या सल्ल्यांतले निम्मे बरोबर असतात आणि निम्मे साफ चुकीचे. कोणते कोणते, हे ते सांगत नाहीत. दोन्ही एकाच आवाजात येतात. ‘‘पह्यल्यांदा आठ तास चार्ज करजो, मंग चालू करजो,’’ हा त्यांचा सर्वांत लाडका नियम. निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळात त्याला थोडाफार अर्थ होता. लिथियमला असल्या व्रताची गरज नसते. आणली, लावली, खेळली. पण घरी आलेला नवा गेम पोरगं आठ तास नुसतं बघत बसतं, आणि ते दृश्य भाऊंना कुठंतरी आवडतं. उलट लिथियमबद्दलची खरी गोष्ट अशी, की परीक्षेच्या काळात आईनं कपाटात कोंडलेला गेम वर्षभर तसाच राहिला, तर बॅटरी कायमची जाऊ शकते; निन्टेंडो स्वतःच सांगते की सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा. भाऊंना हेही माहीत आहे. म्हणून दहावीच्या फेब्रुवारीत ते घरोघरी आठवण करतात, ‘‘वैनी, गेम कोंडला असंल तं कोंडा, पन मधी एकडाव चार्जिंगले लावा.’’

स्विचच्या ओएलईडी मॉडेलवर मात्र त्यांनी गावाचे पैसे वाचवले आहेत. नवी वस्तू आली की वरचं प्लास्टिक सोलायचं, हा आपला संस्कार. टीव्हीच्या रिमोटचं सोलत नाही, ती गोष्ट वेगळी. या स्क्रीनवर कारखान्यातच एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून, आणि ती काढू नका असं कंपनीचं सांगणं आहे. पोरं कोपऱ्याशी नख घालायला जातात. त्या क्षणी भाऊंची करंगळी मधे येते. ‘‘थे सोलाचं नाई. थे त्याचं कातडं हाये.’’ वरून वेगळी काच लावायची तर या फिल्मवरच लावायची. इतकं स्वच्छ कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

आणि मग ती चाखण्याची भानगड. स्विचचं कार्ट्रिज नखाएवढं असतं, बाळानं गिळू नये म्हणून त्यावर डिनॅटोनियम बेंझोएट नावाचा जहाल कडू पदार्थ लावतात. मात्रा किरकोळ, अपाय नाही, पण चव अशी की माणूस पूर्वजांना आठवतो. भाऊंनी ही माहिती कुठंतरी ऐकली आणि तिचा भलताच उपयोग काढला: कडू लागलं तर माल असली. दुकानात एखादा सेकंडहँड कार्ट्रिज घेऊन आला, की भाऊ ते रुमालानं पुसतात, जिभेच्या टोकाला लावतात, डोळे मिटतात. दुकानातली चारपाच माणसं गप्प. सोल्डरिंगवालासुद्धा मान वर करतो. मग भाऊंचा चेहरा हळूहळू गोळा होत जातो, नाक वर, भुवया खाली, आणि कारल्याचा रस प्याल्यासारखा आवाज निघतो, ‘‘हाऽऽव. घेऊन घे.’’ लोक पैसे मोजतात. भाऊ चुळा भरायला बाहेर.

खरं सांगायचं तर गावात स्विच आणि अलाय बोटांवर मोजण्याइतके. भाऊंचं निम्म्याहून जास्त काम ‘सुप’वर चालतं. काही शेकड्यांत मिळणारा, चारशे गेमांचा तो चिनी डबा. ज्यात मारिओ असतो, काँट्रा असतो, आणि सेव्ह करायची सोय नसते. लाइट जाण्याचा त्याला धोका नाही, कारण आत बॅटरी आहे. धोका आईनं हाक मारण्याचा आहे. बंद केला की सगळं पहिल्यापासून. या डब्याची पाठ उघडली तर आत ओळखीचा चेहरा दिसतो, बीएल-५सी. नोकिया ११०० ची बॅटरी! म्हणून गावात ज्याच्या ज्याच्या घरी जुना नोकिया पडला आहे, त्याच्यावर भाऊंची नजर असते. पण ती बॅटरी ते आधी टेबलावर ठेवून गोल फिरवतात. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलंय, फेकून द्या. सपाट राहिली तर घ्या. ही परीक्षा अगदी बरोबर आहे. २००७ च्या ऑगस्टात नोकियानं जगभरच्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली होती, चार्ज करताना तापू शकतात म्हणून. त्या आठवड्यात गावोगाव लोक मोबाइलची पाठ काढून नंबर वाचत होते. तेव्हापासून बॅटरी म्हटलं की भाऊंचा आवाज गंभीर होतो.

पोळ्याला पुण्याहून एक इंजिनिअर गावी आला तो स्टीम डेक नावाचा हातातला गेम घेऊन. गादीवर लोळून, पोटाशी वाकळ, वाकळीवर डेक. भाऊ भेटायला गेले आणि दारातूनच ओरडले. डेक हवा घेतो पाठीमागून आणि फेकतो वरच्या बाजूनं. वाकळीवर ठेवला की त्याचं नाकच दाबलं. इंजिनिअर म्हणाला, ‘‘भाऊ, थर्मल थ्रॉटलिंग असतं, आपोआप स्लो होतो.’’ भाऊ म्हणाले, ‘‘आपोआप तं मानूसही मरते.’’ मग आणखी एक सूचना, जी पुण्यात कुणी देणार नाही: सोयाबीन निघालं, मळणी यंत्र सुरू झालं, की गेम शेताकडं न्यायचा नाही. कुटाराची धूळ पंख्यात जाते आणि तिथंच संसार थाटते.

उन्हाचं तर विचारूच नका. या यंत्रांच्या कंपन्या सांगतात, ३५ अंशांच्या आतच वापरा. मे महिन्यात आमच्याकडं ३५ म्हणजे सकाळची चूळ भरायची वेळ. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. भाऊंनी त्यावरून वेळापत्रकच काढलं: सकाळी आठपर्यंत आणि दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात गेम बंद, ‘‘कंपनीचा नियम हाये.’’ कूलरपुढं बसून खेळायलाही बंदी, ओली हवा आत जाते म्हणून. या एका नियमामुळं गावातल्या समस्त आया भाऊंच्या बाजूला आहेत. त्यांना कुठल्याही घरी चहा मिळतो, तो या ३५ अंशांवर.

मेमरी कार्डाची त्यांची परीक्षा तर मला शास्त्रीयच वाटते. चारशे रुपयांत ५१२ जीबीचं कार्ड मिळतं. ते दाखवतं ५१२, मावतं बत्तीस. पुढचं भरलं की मागचं पुसलं जातं किंवा कचरा होतो. जाणते लोक एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या प्रोग्रामनं कार्ड पूर्ण भरून परत वाचतात. भाऊ बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ फाइल कार्ड भरेपर्यंत पुन्हापुन्हा टाकतात, मग पहिली आणि शेवटची उघडून बघतात. दोन्हींत वरमाला पडली तर कार्ड असली. एकदा शेवटच्या फाइलीत अंतरपाट धरलेलाच राहिला, नवरदेव हिरवा होऊन थिजला. ते कार्ड परत गेलं. स्वस्तातल्या चिनी रेट्रो गेमांसोबत जे बिननावाचं कार्ड येतं, त्याची पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरवर कॉपी काढून ठेवायची, हाही त्यांचाच सल्ला. ते कार्ड कधी मान टाकेल याचा नेम नसतो, आणि सगळे गेम त्याच्यातच असतात.

स्वतः भाऊ काय खेळतात, असं एका पोरानं विचारलं होतं. भाऊंनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं हलवायाला मधुमेहाबद्दल विचारलं. ‘‘खेळाले टाइम कोनाले हाये?’’

त्यांची कीर्ती आता सातासमुद्रापार गेली आहे. न्यू जर्सीतल्या भाच्यानं स्विच २ घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. इथं दिवेलागण, तिथं सकाळ. दुकानात सगळे फोनभोवती.

‘‘कार्ड कोनतं घेतलं?’’

‘‘जुनंच टाकतो मामा, पडलंय.’’

‘‘गेम नाई मावत त्याच्यावर. याले मायक्रोएसडी एक्स्प्रेस पाह्यजे. थे दुसरं असते. आता थे कार्ट्रिज काढ.’’

‘‘मामा, मी शोरूममधून घेतलंय.’’

‘‘काढ म्हन्लं ना.’’

भाच्यानं काढलं. बायको मागं उभी राहून बघत असताना जिभेला लावलं. चेहरा गोळा झाला. मानोऱ्यात टाळ्या पडल्या.

‘‘असली हाये,’’ भाऊ म्हणाले. ‘‘आता खोकं फेकजो नको. माळ्यावर ठेव.’’

‘‘मामा, इथं माळा नसतो.’’

भाऊंनी फोन जरा लांब धरला आणि दुकानातल्या सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं.

‘‘मंग घर कायले घेतलं बे?’’